ठेव बायकोच्या नावाची, व्याज कोणाचे?



मार्च सरून एप्रिल लागला की बँकेत एका कागदासाठी गर्दी होते. मुदत ठेवीच्या व्याजातून कर कापू नये म्हणून भरून द्यायचा हा कागद. साठीच्या आतल्यांचा पंधरा-जी आणि साठीपुढच्यांचा पंधरा-एच या नावांनी तो वर्षानुवर्षे सर्वांच्या ओळखीचा झाला. या रांगेत बायका पुष्कळ दिसतात. शेजारी नवरा उभा असतो, कागदावर बोट ठेवून म्हणतो, "इथे सही कर." ती करते. कागदात काय लिहिले आहे हे तिने विचारलेले नसते आणि बहुधा त्यानेही वाचलेले नसते.

या कागदाविषयी आपल्या पॅरिशमधील काही मंडळींनी आम्हांला एक प्रश्न विचारला. पैसा नवऱ्याच्या पगारातला. तो बायकोच्या नावावर ठेवला, तिच्याकडून फॉर्म भरून घेतला, कर वाचला. यात पाप आहे का? प्रश्न हसत हसत विचारला जातो. पण विचारला जातो याचा अर्थ कुठेतरी खुपते आहे. शिवाय त्यामागे दुसरा, अधिक मोठा प्रश्न आहे: देवासमोर जे दोघे एक झाले, त्यांच्या घरातल्या पैशाला 'त्याचा' आणि 'तिचा' असे म्हणावे का? म्हणून हा विषय थोडा विस्ताराने घ्यावा असे आम्हांला वाटले.

आधी हिशेब समजून घेऊ. आपल्या देशात आयकर माणसाला लागतो, जोडप्याला नाही. नवरा वेगळा करदाता, बायको वेगळी करदाती. दोघांचे पॅन वेगळे, दोघांची सूट वेगळी. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीत प्रत्येकाला पहिल्या ४ लाखांवर कर नाही आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलत मिळून कर शून्यावर येतो. घर सांभाळणाऱ्या बायकोला स्वतःची कमाई नसते, तेव्हा तिच्या वाट्याची ही सूट दरवर्षी वाया जाते. ती नवऱ्याला देता येत नाही. विवाहित आहे म्हणून वेगळी वजावट, असा प्रकारच आपल्याकडे आता नाही.

समजा, कोळसा खाणीत नोकरी करणाऱ्या एकाचे करपात्र वेतन १४ लाख आहे. त्याने १० लाख रुपये स्वतःच्या नावावर ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे व्याज ७० हजार. ते वेतनात मिळवले जाते. त्यावर १५ टक्के दराने १०,५०० रुपये कर आणि ४ टक्के उपकर, असे मिळून १०,९२० रुपये जातात. तेच १० लाख बायकोच्या नावावर ठेवले तर तिचे वर्षाचे उत्पन्न अवघे ७० हजार. कर काहीच नाही. मात्र बँकेतले व्याज वर्षाला ५० हजारांपुढे गेले की बँक १० टक्के टीडीएस कापते, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. म्हणून तो फॉर्म. अकरा हजार रुपये म्हणजे पोराच्या वसतिगृहाचा दोनतीन महिन्यांचा खर्च निघतो. मोह व्हावा अशीच रक्कम आहे.

पण कायदा करणाऱ्यांना नवरे माहीत होते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे, पुरेसा मोबदला न घेता नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला पैसा दिला, तर त्या पैशावरचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचे. भेट द्यायला बंदी नाही, भेटीवर करही नाही. व्याजावरचा कर तेवढा देणाऱ्याने भरायचा. मग पुरेसा मोबदला म्हणजे काय? पत्नीवरचे स्वाभाविक प्रेम हा मोबदला होऊ शकतो का? १९६१ मध्येच मुंबईच्या तुलसीदास किलाचंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की नाही, होऊ शकत नाही. वेदीसमोर ज्याच्या भरवशावर आपण आयुष्य बांधून घेतो, त्याला करखात्याच्या हिशेबात शून्य किंमत! वाचून गंमत वाटते आणि थोडे वाईटही. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण पती-पत्नीविषयीच्या या नियमाचा गाभा तोच राहिला.

आता पुन्हा त्या कागदाकडे येऊ. १९६१ च्या कायद्याखालच्या पंधरा-जी फॉर्ममध्ये सही करण्याच्या जागेवर एक निवेदन छापलेले असे. माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, एवढेच त्यात नव्हते. हे उत्पन्न कलम ६० ते ६४ प्रमाणे दुसऱ्या कोणाच्याही उत्पन्नात धरले जाण्याजोगे नाही, असेही सही करणारी व्यक्ती त्यात सांगत असे. म्हणजे नवऱ्याच्या पैशाची ठेव असेल तर बायकोची ती सही सरळ सरळ खोट्या विधानाखालची सही होते. खोट्या निवेदनासाठी कायद्यात शिक्षा आहे आणि ती सही करणाऱ्याला आहे, शेजारी उभे राहून बोट दाखवणाऱ्याचा नंबर नंतर.

बायबल वाचणाऱ्यांना इथे हनन्या आणि सप्पीरा आठवतील. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५. या जोडप्याने जमीन विकली, आलेल्या पैशातला काही भाग स्वतःजवळ ठेवला आणि उरलेला भाग जणू सगळाच आहे असे भासवून प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवला. पेत्र त्याला काय म्हणाला ते आपण अनेकदा नीट लक्षात घेत नाही. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता, असे पेत्राने मान्य केले. पैसा राखून ठेवणे हा आरोपच नव्हता. आरोप खोट्या निवेदनाचा होता. आणि दुसरी गोष्ट: सप्पीरा सुमारे तीन तासांनी आली तेव्हा पेत्राने तिला वेगळे विचारले. तू त्याची बायको म्हणून तुझे उत्तर त्याच्या उत्तरात आले, असे तो म्हणाला नाही. तिला तिचा स्वतःचा शब्द होता, खरे बोलण्याची तिची स्वतःची संधी होती. ती संधी तिने घालवली.

आपल्याकडच्या रांगेतली बाई आणि सप्पीरा यांच्यात एक मोठा फरक आहे. सप्पीरेला सगळे ठाऊक होते, तिच्या संमतीने तो व्यवहार ठरला होता. आपल्या बाईला बहुतेक वेळा काहीच ठाऊक नसते. म्हणून दोष तिच्यावर फार थोडा येतो आणि जो तिला न सांगता तिची सही घेतो त्याच्यावर तो दुप्पट होतो, असे आम्हांला वाटते. सरकारशी खोटे बोलला हे एक. ते खोटे बायकोच्या तोंडून वदवले हे दुसरे. कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे असे कॅथॉलिक श्रद्धाग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात स्पष्ट सांगितले आहे आणि संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायाचाही रोख तोच आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. त्यावर वाद नाही.

वाद आहे तो पुढे. कायदा पाळलाच पाहिजे, पण हा कायदा न्याय्य आहे का?

वरच्याच दरांनी आणखी एक हिशेब करून पाहा. एका घरात नवरा-बायको दोघेही शिक्षक. दोघांचे करपात्र उत्पन्न प्रत्येकी ७ लाख. घरात आले १४ लाख, कर शून्य. शेजारच्या घरात एकट्या नवऱ्याचे १४ लाख, बायको घरी. त्या घराला कर ९३,६०० रुपये. उत्पन्न तेवढेच, तोंडे तेवढीच, किराणा त्याच दुकानातला. फरक एवढाच की दुसऱ्या घरातली बाई पहाटे उठून पहिल्या पाळीचा डबा भरते, सासूची औषधे बघते, मुलांचा अभ्यास घेते, आणि या कामाचा पगार कुठल्या कागदावर येत नाही. पहिल्या घरातली बाई ही सगळी कामे नोकरी करून करते हेही खरे. तिच्यावर आमचा राग नाही. पण १४ लाखांतला निम्मा वाटा दुसऱ्या घरातल्या बाईच्या श्रमाचा नाही असे कोणी म्हणू शकेल का?

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये नेमके हेच म्हटले. नवरा परदेशी कमावत होता, बायको घर आणि मुले सांभाळत होती. त्याच्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा बरोबरीचा हक्क आहे, कारण तिने घर सांभाळले नसते तर तो कमावू शकला नसता, असा निर्णय झाला. पोपपीठानेही १९८३ च्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत घरी राबणाऱ्या आईच्या कामाचे कुटुंबासाठी आणि समाजासाठी असलेले मोल मान्य करावे असे सांगितले, आणि करांच्या बाबतीत कुटुंबाशी भेदभाव नसावा असेही सांगितले. मग मिळकत दोघांची आहे असे मानले तर नवऱ्याने बायकोला 'दिले' असे म्हणण्यालाच अर्थ उरत नाही. तिचे होते ते तिच्या नावावर गेले, बस्स.

हे केवळ तत्त्वज्ञान आहे असे समजू नका. आपल्याच देशात, आपल्या शेजारच्या राज्यात हा कायदा आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालू आहे. लग्न झाले की, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायको मालमत्तेचे बरोबरीचे मालक होतात. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळ्यांना हा नियम लागू. आयकर कायद्यानेही तो मान्य केला. १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ५-अ घातले. त्याप्रमाणे अशा जोडप्याचे पगार सोडून बाकीचे सगळे उत्पन्न, म्हणजे ठेवींचे व्याज, घरभाडे, धंद्याचा नफा, निम्मे नवऱ्याच्या आणि निम्मे बायकोच्या हिशेबात जाते. आपल्या खाणीतल्या माणसाचे लग्न गोव्याच्या कायद्याखाली झाले असते, तर ७० हजार व्याजातले ३५ हजार त्याचे आणि ३५ हजार तिचे धरले गेले असते. कर ५,४६० रुपये. कोणताही खोटा कागद नाही, लपवाछपवी नाही. मडगावचे जोडपे आणि बल्लारपूरचे जोडपे एकाच संस्काराने बांधले जाते. व्याजाचा हिशेब मात्र वेगळा.

महाराष्ट्रात आपल्याला असा सामाईक मालकीचा कायदा नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याने ख्रिस्ती स्त्रीची कमाई आणि त्यातली बचत तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट. पण जिची कमाई पैशात नाही तिच्या हाती यातून काही पडत नाही. आपल्या हिंदू, जैन, शीख, बौद्ध शेजाऱ्यांना अविभक्त कुटुंब म्हणून वेगळा पॅन आणि वेगळी सूट मिळू शकते, तीही आपल्याला नाही. (तिचा उपयोग मुख्यतः वडिलोपार्जित मालमत्ता असणाऱ्यांना, स्वतःचा पगार त्यात टाकला तर त्याचे उत्पन्न कलम ६४ पुन्हा त्याच माणसाकडे ओढून आणते. तेव्हा फार हेवा करण्यात अर्थ नाही.) आदिवासी बांधवांना आयकर माफ असतो असा एक समज गडचिरोलीकडे ऐकू येतो, तोही तेवढा खरा नाही. अनुसूचित जमातींची ती माफी १९६१ च्या कायद्यात ईशान्येकडील काही राज्ये व प्रदेश आणि लडाख यांच्यापुरती होती. गडचिरोली त्यात नाही. पण याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. सगळे गाव एक मालक होऊ शकते आणि दोन माणसांचा संसार एक मालक होऊ शकत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

न्यायालयांच्या निकालांतही या प्रश्नाची चमत्कारिक रूपे दिसतात. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे फिलिप जॉन प्लास्केट थॉमस यांचा खटला आला. त्यांनी होणाऱ्या पत्नीला लग्नाआधी शेअर दिले होते. न्यायालयाने ठरवले की देताना ती पत्नी नव्हती, म्हणून लग्नानंतरही त्या शेअरांचे उत्पन्न नवऱ्याच्या हिशेबात धरायचे नाही. म्हणजे वाङ्निश्चयाच्या दिवशी दिलेली भेट तिची आणि लग्नानंतर दिलेली भेट त्याची! याहून आपल्या जवळचा निकाल नागपूर उच्च न्यायालयाचा आहे. १९५६ मध्ये, ते न्यायालय अस्तित्वात होते त्या शेवटच्या वर्षी, तिथे असे मानले गेले की घरखर्चासाठी आणि कपड्यालत्त्यासाठी मिळालेल्या पैशातून बायकोने बचत करून काही घेतले, तर ती नवऱ्याने हस्तांतरित केलेली मालमत्ता नव्हे. आपल्या आया-आज्यांच्या डाळीच्या डब्यातल्या नोटांना उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. त्या बाईने काटकसर केली, म्हणून ते तिचे. यात न्यायाची जाणीव आहे असे आम्हांला वाटते. दुर्दैवाने ती डब्यापाशीच थांबली.

विवाहितांना वेगळी सूट द्यावी ही कल्पना भारताला नवी नाही. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी करमुक्त रकमेत भेद केला. तोवर सगळ्यांना १,५०० रुपये माफ होते. त्यांनी विवाहितांना २,००० आणि अविवाहितांना १,००० केले. पुढे हा भेद नाहीसा झाला. जगात इतरत्र वेगवेगळे मार्ग आहेत. अमेरिकेत काही राज्यांत गोव्यासारखी सामाईक मालकी होती आणि तिथल्या जोडप्यांना कर कमी पडे. बाकीच्यांनी तक्रार केली आणि १९४८ पासून सगळ्याच जोडप्यांना एकत्र विवरणपत्रात उत्पन्न निम्मे-निम्मे धरण्याची मुभा मिळाली. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याचे उत्पन्न एकत्र करून दोन भाग करतात. बचतीच्या उत्पन्नावर तिथे २०२३ पासून एकट्याला १,००० युरो सूट आहे आणि एकत्र कर भरणाऱ्या जोडप्याला २,०००, मग खाते कोणाच्याही नावाचे असो. नर्स म्हणून इंग्लंडला गेलेल्या मुली आपल्यापैकी काहींच्या घरच्या असतील. तिथे २०१५ पासून कमी उत्पन्नाचा जोडीदार आपल्या करमुक्त रकमेतले १,२६० पौंड दुसऱ्याला देऊ शकतो, त्याचा कर वर्षाला २५२ पौंडांपर्यंत वाचतो. पण दिलेले आपल्या वाट्यातून जाते, आणि देणारीची स्वतःची सूट तेवढी घटते. तिची थोडी कमाई आणि बरीच ठेव असेल तर तिच्या पगाराचा किंवा व्याजाचा काही भाग करात येऊ शकतो. हिशेब करूनच सही करावी लागते. तिथेही!

याच इंग्लंडची जुनी गोष्ट दुसरी बाजू दाखवते. ६ एप्रिल १९९० पर्यंत तिथे विवाहित स्त्रीचे उत्पन्न कराच्या दृष्टीने नवऱ्याचे मानले जाई. तिच्या बचतीवर किती व्याज आले हे तिने नवऱ्याला सांगायचे, त्याने सरकारला. एखाद्या बाईने आपली चार पैशांची शिल्लक दारुड्या नवऱ्यापासून लपवायची म्हटले तर कायदाच तिच्या आड येई. स्वीडनने १९७१ मध्ये दोघांचा कर वेगळा केला, त्यातही स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा विचार होता. एकत्र हिशेबात बायकोच्या पहिल्या रुपयावर नवऱ्याच्या वरच्या दराने कर लागतो आणि घरात म्हणतात, तुझी नोकरी परवडत नाही, सोड. तेव्हा 'दोघे एक' याचा अर्थ 'तो एक' असा होऊ नये, हे वेगळ्या हिशेबामागचे शहाणपण आम्ही कमी मानत नाही. आपल्या भागातल्या महिला बचत गटात बसणाऱ्या बहिणींना हे सांगायची गरज नाही.

आमचे मत विचाराल तर गोव्याचा मार्ग आम्हांला सगळ्यांत जवळचा वाटतो. पगार ज्याचा त्याचा राहतो, बचतीचे फळ दोघांचे होते, आणि बायकोचे नाव हिशेबात खरेखुरे येते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेनेही २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी जोडप्यांना हवे असल्यास एकत्र कर भरण्याची मुभा द्यावी अशी सूचना केली होती. ती मान्य झाली नाही. अशी मागणी करणे, खासदारांना लिहिणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. कायदा अपुरा आहे म्हणून फॉर्मवर खोटे लिहिण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. व्याज माझे नाही, असे नवरा सरकारला सांगतो. आता तोच माणूस घरी काय सांगतो ते पाहू.

आम्हांला सगळ्यांत जास्त खुपते ते इथे. बँकेत सांगायचे, ठेव बायकोची. घरी विचारले की ठेव माझी. पावती नवऱ्याच्या कपाटात, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, ठेव कधी संपते हे तिला माहीत नाही, ती मोडून मुलीची फी भरायची म्हटले तर परवानगी काढायची. ही भेट कुठे झाली? सरकारपुढे दिली आणि घरात परत घेतली. १० जुलै २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भारतीय नवऱ्यांना उद्देशून लिहिले आहे की घर सांभाळणाऱ्या पत्नीला पैशाचा आधार द्यावा, संयुक्त खाते ठेवावे, एटीएमचा वापर तिला करू द्यावा. निकाल मुसलमान स्त्रियांच्या पोटगीविषयीचा होता. ही ओळ मात्र प्रत्येक घराला लागू पडते.

आणि ज्याला मनापासून द्यायचे आहे, त्याला कायदा अडवतो कुठे? बायकोच्या नावावर दहा लाख ठेवावेत, ते खरोखर तिचे मानावेत, आणि दरवर्षी त्या व्याजाचे १०,९२० रुपये आपल्या पगारातून भरावेत. कायदेशीर सवलतीही आहेत. त्या व्याजातून पुन्हा ठेव केली तर त्या व्याजावरचे व्याज तिचेच धरले जाते, नवऱ्याचे नाही. पाच-दहा वर्षांत ती रक्कम लहान राहत नाही. तिच्या नावाच्या पीपीएफ खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत टाकले तर त्या व्याजावर कोणालाच कर नाही. दोघे कमावत असतील तर नवऱ्याच्या पगारातून घर चालवून बायकोचा पगार शिल्लक टाकावा; तिच्या पैशाचे व्याज तिच्याच हिशेबात राहते. यात कुठेही खोटी सही नाही.

आता उलट टोकाची एक गोष्ट, कारण कर चुकवणाऱ्यांपेक्षा नको तो कर देऊन बसणाऱ्यांची काळजी आम्हांला अधिक आहे. नवरा खाणीत किंवा कागद कारखान्यात होता, गेला. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे बायकोच्या नावावर आले. हे पैसे तिचे आहेत, कलम ६४ चा तिच्याशी संबंध नाही, कारण नवरा उरलेला नाही. ठेवीच्या व्याजाशिवाय तिला दुसरे उत्पन्न नाही, तर करही नाही. पण फॉर्म भरायचा असतो हे तिला कोणी सांगत नाही आणि बँक दरवर्षी १० टक्के कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. विवरणपत्र भरले तर ते पैसे परत मिळतात, पण भरणार कोण? तेंदूच्या हंगामात जंगलात जाऊन पानांचे पुडे बांधणाऱ्या बाईला विवरणपत्र हा शब्दही परका. रांगेत ज्यांनी उभे राहू नये ते उभे असतात आणि जिने उभे राहावे ती घरी असते.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या पॅरिशमध्ये बँकेत, शाळेत, लेखा विभागात काम केलेले अनेक जण आहेत. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर तासभर थांबून विधवा आणि वृद्ध बहिणींची पासबुके बघून द्यावीत, मागच्या वर्षी टीडीएस कापला आहे का ते तपासावे, परताव्यासाठी मदत करावी. ज्यांचे पती हयात आहेत त्यांनीही पासबुक आणावे. ठेव 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशी आहे का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतला एक तृतीयांश मिळतो, उरलेले मुलांना. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्राचा कागदही त्याच दिवशी विचारून ठेवला तर दुसरी फेरी वाचेल.